गोळी मधोमध

सरांच्या बाहेरच्या खोलीत न्हाव्याची खुर्ची होती. ठाण्याच्या बाजारपेठेतलं एक जुनं सलून बंद पडलं तेव्हा सरांनी ती टेम्पोत घालून डोंबिवलीला आणली आणि तिला जागा हवी म्हणून घरातला सोफा बहिणीकडे पाठवून दिला. दोन खोल्यांच्या त्या घरात ती लोखंडी खुर्ची एवढी ऐसपैस बसायची की आम्ही विद्यार्थी भिंतीला पाठ लावून सतरंजीवर दाटीनं बसायचो. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ एकदा दारात येऊन विचारते झाले, "रविवारी किती वाजता सुरू करता?"

सर म्हणाले, "नऊला. पण डोळे बांधून घ्यावे लागतील."

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. आणि यात हसण्यासारखं काय आहे, हे सरांना आम्ही सांगूनही कळलं नाही.

सर हवाई दलात मालवाहू विमानं चालवायचे. कानाचा आजार झाला आणि त्यांचं उडणं कायमचं बंद झालं. मग ते डोंबिवलीत येऊन राहिले आणि विमान चालवायला शिकणाऱ्या मुलांना कॉकपिटमधल्या यंत्रांचा अभ्यास शिकवू लागले. मला तेव्हा सरकारी शिष्यवृत्तीवर फ्लाइंग क्लबात प्रवेश मिळाला होता. माझे वडील बँकेत होते. मुलगी विमान चालवणार हे त्यांनी मान्य केलं, पण अट घातली: "आधी ते सगळे काटे वाचायला शिक, मग वर जा." म्हणून मी सरांकडे गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं नाही. खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि खुर्ची हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

"कुठे वळतेयस?"

"डावीकडे."

ते एकाच वेगानं फिरवत राहिले. थोड्या वेळानं विचारलं, "आता?"

"थांबली."

सतरंजीवरची मुलं हसली. मग खुर्चीला किंचित हिसका बसला आणि मला स्पष्ट जाणवलं की आता मी उजवीकडे फिरतेय. तसं मी सांगितलं. सरांनी टॉवेल सोडला. खुर्ची अगदी स्थिर होती, आणि मी 'थांबली' म्हणाले तेव्हा ती फिरतच होती.

"तुला हे ज्यानं सांगितलं तो तुझा कान," सर म्हणाले. "वळायला सुरुवात झाली की त्याला कळतं. वळत राहिलं की तो विसरतो. हाच कान घेऊन तू ढगात जाणार आहेस."

त्यांच्या टेबलावर भंगारातल्या विमानातून काढलेलं एक यंत्र होतं. टर्न इंडिकेटर. काळ्या तबकडीवर एक उभी सुई, आणि तिच्याखाली हसणाऱ्या ओठांसारखी वाकलेली काचेची नळी. नळीत एक काळी गोळी. आत भोवऱ्यासारखं फिरणारं चाक असतं आणि विमान वळलं की ते सुईला हलवतं. सुई कडेच्या खुणेवर धरून ठेवली तर विमान दर सेकंदाला तीन अंश वळतं, म्हणजे एका मिनिटात तोंड बरोबर उलट दिशेला आणि दोन मिनिटांत पूर्ण वर्तुळ. खालची गोळी सांगते की विमान नीट झुकून वळतंय की बाहेरच्या बाजूला घसरतंय. नीट वळलं तर गोळी मधोमध राहते.

"सुई किती वळतोयस ते सांगते. गोळी कसा वळतोयस ते सांगते," सर पुन्हा पुन्हा म्हणायचे. "एकीचं काम दुसरीला सांगायचं नाही."

ते कुठेही शिकवायचे. त्यांचं मूळ गाव कोलशेतच्या बाजूचं, खाडीकाठचं. ते घराणं पोर्तुगीजांच्या काळापासून ख्रिस्ती. भाऊ अजून तिथे भातशेती करायचा आणि खाडीत जाळं टाकायचा. एकदा सर आम्हा चौघांना ठाण्याहून कोलशेतच्या बसनं गावी घेऊन गेले. स्टँडवर त्यांनी चहा घेतला आणि तो भरलेला ग्लास हातात धरून बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "साहेब, सांडेल." सर म्हणाले, "सांडायलाच घेतलाय." पहिल्याच वळणावर चहा त्यांच्या पँटवर सांडला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"बसला झुकता येत नाही, म्हणून सांडला. विमान झुकतं. नीट झुकून वळलं तर ग्लासातला थेंब हलत नाही. आणि थेंब हलत नाही म्हणून तुम्हाला कळत नाही की आपण वळतोय."

कंडक्टर हे सगळं ऐकत होता. त्यानं एक जुनं फडकं आणून दिलं आणि म्हणाला, "पुढं अजून तीन वळणं आहेत."

गावात भात कापून झालेलं होतं. रिकाम्या शेतात सरांनी एक बांबू रोवला. मला सांगितलं, बांबूच्या जवळून चालत एक फेरी मार. आमच्यातल्या विलासला सांगितलं, लांबून पळत मार, पण दोघांनी एकाच वेळी फेरी पुरी करायची. मी रमतगमत चालले. विलास मोठ्या वर्तुळात धापा टाकत, आतल्या बाजूला झुकून पळत होता. आम्ही एकदमच पोचलो.

"दोघांचा वळण्याचा वेग एकच," सर म्हणाले. "पण ज्याचा पळायचा वेग जास्त, त्याला जास्त झुकावं लागलं आणि जागाही जास्त लागली. जोरात जाणाऱ्या विमानाचं तेच होतं."

सरांचा भाऊ बांधावर बसून जाळं विणत होता. तो म्हणाला, "ह्याला विमानातनं उतरवला, पण विमान काय ह्याच्यातनं उतरलं नाय."

सरांच्या कानाच्या आजारात त्यांना अचानक भोवळ यायची. चालताबोलता ते थांबायचे, जे हाताशी येईल ते धरायचे, चेहरा पांढरा पडायचा. तेव्हा आख्खं घर आपल्याभोवती फिरतंय असं त्यांना दिसायचं. ते डोळे मिटत नसत. खिडकीच्या एका गजाकडे बघत उभे राहायचे आणि आतल्या खोलीच्या दिशेनं एवढंच विचारायचे, "घर?"

आंटी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मासळी साफ करत असोत की शाळेच्या वह्या तपासत असोत, तिथूनच उत्तर द्यायच्या, "जागेवर आहे."

सर मान हलवायचे. थोड्या वेळानं पुन्हा, "घर?" पुन्हा, "जागेवर आहे." आंटींचा आवाज कधी चढला नाही की त्यात कंटाळा आला नाही. मी एकदा त्यांना विचारलं की यानं बरं वाटतं का त्यांना. आंटी म्हणाल्या, "बरं वाटत नाही गं. पण खरं काय ते माहीत असलं की माणूस पडत नाही, असं म्हणतात ते."

विलास शहाडचा. आमच्या तुकडीत सगळ्यात हुशार, आणि सगळ्यात घाईचा. आई लहानपणीच गेली होती. वडील नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायचे. घरी दोघंच. विलासही शिष्यवृत्तीवर शिकत होता आणि माझ्यापेक्षा बराच पुढे गेला होता.

त्याला दुसऱ्या दिवशी एकट्यानं लांबचं उड्डाण करायचं होतं. संध्याकाळचा वर्ग संपला. बाकीची मुलं जिना उतरली होती. मी सतरंजी गुंडाळत होते. विलास दारात बूट घालत होता. सर त्याला निरोप द्यायला उठले आणि दाराच्या चौकटीपाशी थबकले. मी त्यांचा चेहरा पाहिला. भोवळ आली होती. विलास खाली वाकलेला होता, त्याला ते दिसलं नाही.

"सर," बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, "गडबडीत दोन्हींकडे बघायला जमलं नाही, तर एकटी गोळी मधोमध असली म्हणजे पुरे ना?"

सरांनी चौकट घट्ट धरली होती. "पुरे," ते म्हणाले. "पुरे. जा तू."

विलास गेला. सरांनी विचारलं, "घर?" आंटींनी आतून उत्तर दिलं. मी सतरंजी कोपऱ्यात ठेवली आणि निघाले. त्या प्रश्नाचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

विमान मुरबाडच्या पलीकडे डोंगरात पडलं. मला ते क्लबात कळलं. सरांना सांगायला मीच गेले. विमान पडलं तिथल्या वाडीतल्या लोकांनी काय सांगितलं, तेही मला समजलं होतं. डोंगरावर ढग उतरले होते. विमान दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. तो आवाज गोल गोल फिरत होता आणि वाढत चालला होता.

"वाढत चालला होता?" सरांनी विचारलं.

"हो."

"गोल?"

"तसं म्हणाले ते लोक."

सर सतरंजीवर आम्ही बसायचो तिथे खाली बसले. म्हणाले, "ढगात गेला. एक पंख हळूहळू खाली गेला, त्याला कळलं नाही. विमान वळायला लागलं. वळता वळता खाली, आणि खाली जाताना वेग वाढत. गोळी मधोमध असणार. अशा वेळी ती मधोमधच असते. सुई तेवढी कडेला गेलेली असते."

मला संध्याकाळचं ते दार आठवलं. सरांनाही तेच आठवत होतं हे मला दिसत होतं.

आंटी म्हणाल्या, "तुम्हाला भोवळ आली होती."

"ती त्याला दिसली नाही," सर म्हणाले. "त्याला उत्तर ऐकू आलं."

विलासनं ढगात काय पाहिलं, काय नाही, ते कुणालाच कधी कळणार नव्हतं. त्याला ते उत्तर आठवलं तरी होतं की नाही, कोण सांगणार? मी तसं बोलून दाखवलं.

आम्ही शहाडला गेलो. सरांना एकटं सोडायची आंटींची तयारी नव्हती आणि त्यांना स्वतःला शाळेत शिकवायला जायचं होतं, म्हणून मी बरोबर. कल्याणहून बस घेतली. उल्हास नदीच्या बाजूला बैठ्या चाळीतलं घर, दारात माणसं बसलेली. विलासचे वडील भिंतीला टेकून होते. सरांनी नमस्कार केला. दोघं समोरासमोर बसले. वडिलांनी विचारलं, "तुम्ही त्याला ती यंत्रं शिकवत होतात ना? मला एकच सांगा. पडतोय हे त्याला कळलं असेल का?"

सर म्हणाले, "गुरुजी, हे मला बसल्या जागी सांगता येणार नाही. तुम्ही माझ्या घरी याल?"

विलासचे मामा ताडकन उठले. "अहो, माणूस कुठल्या अवस्थेत आहे बघताय ना? आणि तुम्ही घरी काय बोलावताय?"

"राहू दे," वडील म्हणाले. "मी येईन."

तेराव्यानंतरच्या रविवारी ते खरंच आले. धुतलेला सदरा, पांढरं धोतर, हातात छत्री. मीही होते, सरांनीच थांबायला सांगितलं होतं. सरांनी त्यांना त्या खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि खुर्ची फिरवायला लागले. आमच्यावर करायचे तसंच, तेवढ्याच सावकाश.

"कुठे वळताय, गुरुजी?"

"डावीकडे."

खुर्ची फिरत राहिली. आंटी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आता?"

"थांबली," ते म्हणाले.

सरांनी आणखी दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, थांबलेली आहे, मी सरळ बसलोय. मग सरांनी खुर्ची फिरत असतानाच टॉवेल सोडला. खिडकी, दार, आंटी, मी, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकत गेलं. त्यांनी खुर्चीचे हात पकडले.

सरांनी खुर्ची थांबवली. "बराच वेळ त्याला असं वाटत असणार. शेवटी आवाज वाढला, वेगाचा काटा पुढे गेला, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे कळलं असेल. काय बिघडलंय ते बहुतेक कळलं नसेल. कळलंच नाही असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

वडील खुर्चीतच बसून होते. "म्हणजे त्याचं दुर्लक्ष झालं असं नाही."

"नाही. आणि अजून एक आहे," सर म्हणाले. त्यांनी दारातला तो प्रश्न आणि आपलं उत्तर, शब्द न बदलता सांगितलं. भोवळ आली होती हे सांगितलं नाही. ते आंटींनी सांगितलं, मागून. सरांनी हातानं त्यांना गप्प केलं.

विलासच्या वडिलांनी छत्री उचलली. चपला घातल्या. "येतो," असंही म्हणाले नाहीत. जिन्यावर त्यांची पावलं खालपर्यंत ऐकू आली.

त्यानंतर सरांनी शिकवणं बंद केलं. खुर्चीवर चादर घातली. आम्ही गेलो तर ते दार उघडायचे, बसवायचे, आंटी चहा द्यायच्या, पण यंत्रांचं नाव काढलं की सर उठून आत जायचे. तुकडीतली मुलं दुसरीकडे शिकायला गेली. पावसाळा संपला तरी ते तसेच होते. एक दिवस आंटी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "आता भोवळ आली तरी विचारत नाहीत गं मला. नुसते पडून राहतात."

मी शहाडला गेले. हा आगाऊपणा होता हे मला माहीत होतं. विलासचे वडील ओटीवर मुलांचे पेपर तपासत बसले होते. मी त्यांना जे होतं ते सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच.

पुढच्या रविवारी मी सरांकडे असताना ते आले. या वेळी आंटींनी आणलेल्या स्टुलावर बसले.

"मी बावीस-पंचवीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "पोरं प्रश्न विचारतात. डोकं दुखत असतं, घंटा झालेली असते, मी 'हो' म्हणतो आणि निघतो. किती वेळा म्हणालो असेन, मला आठवतही नाही. माझ्या 'हो'नं कुणाचा जीव गेला नाही, एवढंच."

सर खाली बघत होते.

"मी तुम्हाला माफ करायला आलेलो नाही. ते मला जमेल की नाही, मलाच माहीत नाही. पण तुम्ही असे गप्प बसलात, तर विलासचं काय झालं ते तुमच्या घरातच राहील. ते प्रत्येक पोराला कळायला पाहिजे. त्याच्या नावानिशी कळायला पाहिजे. दुसरं कोण सांगणार त्यांना? मी?"

सरांनी मान वर केली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवून जाल?"

"जाईन," ते म्हणाले.

नवी तुकडी आली तेव्हा सरांनी चादर काढली. पण पहिल्या दिवशी कुणालाच खुर्चीत बसवलं नाही. उभं राहून सांगितलं, "माझा एक विद्यार्थी होता. विलास. त्यानं मला एक प्रश्न विचारला आणि मी चुकीचं उत्तर दिलं. आज आपण त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर शिकणार आहोत." त्यानंतर जितकी वर्षं त्यांनी शिकवलं, प्रत्येक तुकडीची सुरुवात त्यांनी अशीच केली. नवी मुलं गोंधळून एकमेकांकडे बघायची. सर तिकडे लक्ष द्यायचे नाहीत.

माझ्यावर ती वेळ दोन वर्षांनी आली. मी एकटीच होते. समोर विरळ ढग दिसत होते, ते बघता बघता दाट झाले आणि मी आत गेले. क्षितिज दाखवणारं यंत्र हळूहळू एका बाजूला कलायला लागलं. ते सरळ दिसावं म्हणून मी विमान कलवत गेले. मला अगदी सरळ बसल्यासारखं वाटत होतं. गोळी मधोमध होती. मग माझं लक्ष सुईकडे गेलं. सुई पार कडेला होती. ते क्षितिजाचं यंत्र बंद पडलं होतं आणि मी वळत खाली चालले होते.

मी आधी सुई मध्ये आणली. माझं सगळं शरीर सांगत होतं की मी आता दुसऱ्या बाजूला कोसळतेय. मग कसंबसं विमान स्थिर केलं, सुई खुणेवर धरली आणि घड्याळ बघून परत फिरले. एक मिनिट. मग सुई पुन्हा मध्ये. थोड्या वेळात ढग फाटला आणि खाली खाडी दिसली.

विमान उतरवलं. मी तशीच डोंबिवलीला गेले आणि सरांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "उंची किती गेली?" मी सांगितली. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? शहाडला जा."

विलासचे वडील शाळेतून नुकतेच आले होते. पुन्हा ओटीवर बसून मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "परत फिरायला किती वेळ लागला म्हणालीस?"

"एक मिनिट, काका."

ते उठले. भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन उभे राहिले आणि सेकंदकाटा बारावर येण्याची वाट पाहू लागले. तो आला. मग तो पूर्ण फिरून पुन्हा वर येईपर्यंत ते पाठीवर हात बांधून, न हलता बघत राहिले. मीही बघत होते. बाहेर कुणीतरी नळावर बादली भरत होतं.

"मोठं असतं गं मिनिट," ते म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.